चार बोटांची फट

गुरुवारी दुपारी तीन वाजता रेणूने कानाला हेडफोन लावले आणि लगेच काढून पुन्हा लावले.

खोली बंद होती. हैदराबादहून आणलेलं, चौघांनी कण्हत-कुथत उचललेलं जाड दार घट्ट लावलेलं होतं. आत माइकपुढे चिटपाखरू नव्हतं. म्हणजे कानात काहीही यायला नको होतं. आणि येत काय होतं, तर तुरीची पोती लादून आळंद रस्त्याने चाललेला ट्रक, त्याच्यामागून खेकसणारा रिक्षाचा हॉर्न आणि समोरच्या पंक्चरवाल्याचा पंप. सगळे खोलीतच चटई टाकून बसल्यासारखे स्पष्ट ऐकू येत होते.

तिने वायर बदलली. माइक बदलला. दाराच्या रबरी पट्ट्या नखाने चाचपून पाहिल्या. पुन्हा बाहेर येऊन हेडफोन लावले. दरम्यान आणखी एक ट्रक गेला, एवढाच फरक.

रेणू म्हणजे खजुरीच्या उमाजी गवंड्याची मुलगी. घराणं मूळचं मेंढरांमागे फिरणारं. आजाने काठी ठेवली, बापाने थापी उचलली, आणि पोरगी हैदराबादला जाऊन लोकांचे आवाज भरायला लागली. सिनेमे, जाहिराती, दवाखान्यांच्या सूचना, सगळं अकरा वर्षं केलं. चौतिसाव्या वर्षी तिला वाटलं, बास झाली दुसऱ्याची चाकरी. कलबुर्गी एवढं थोरलं शहर, तीन-चार भाषांचा बाजार, आणि धड आवाज भरायचा तर माणसं अजून हैदराबाद नाहीतर सोलापूर गाठतात. तिने डाळ मिलचं एक जुनं दगडी गोदाम भाड्याने घेतलं आणि त्यात स्टुडिओ बांधायला काढला.

स्टुडिओ बांधायचा म्हणजे गोदामाच्या पोटात दुसरी खोली बांधायची. तीन बाजूंनी मोकळी जागा होती, तिकडे अडचण नव्हती. चौथी बाजू रस्त्याकडची. तिथे बाहेर जुनी दगडी भिंत, आत सिमेंटच्या ठोकळ्यांची नवी भिंत, आणि दोन्हींच्या मध्ये चार बोटांची फट. त्या फटीत काहीही भिडता कामा नये, एवढी एकच अट. भिंत भिंतीला भिडली की रस्त्याचा आवाज दगडातून सरळ आत चालत येतो. ही अट रेणूने बापाला नकाशावर, जमिनीवर खडूने आणि तोंडी, अशी तीन वेळा सांगितली होती. भिंत गुडघ्याएवढी झाली तेव्हा ती दाराच्या आणि काचेच्या कामासाठी दहा दिवस हैदराबादला गेली. परत आली तेव्हा गिलावासुद्धा झालेला होता, आणि भिंत इतकी सरळ होती की तिला बापाचं कौतुक वाटलं होतं.

एरवी हे दुरुस्त करायला महिना लागला असता तरी बिघडत नव्हतं. पण रविवारी सकाळी दहाला बंडोपंत सर येणार होते.

बंडोपंत सर तिचे शाळेतले मराठीचे मास्तर. त्यांचा आवाज असा, की पटांगणापलीकडच्या विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायकांनाही सहावीच्या कविता पाठ असत. त्या गळ्यात आता गाठ होती. सोमवारी सोलापूरला त्यांचं स्वरयंत्र काढून टाकणार होते. त्यानंतर आवाज नाही. थोडा नाही, मुळीच नाही. आणि त्यांच्या पत्नीची, अनसूयाबाईंची, दृष्टी साखरेने सहा वर्षांपूर्वीच गेली होती. सर म्हणत पायरी, मग बाई पाऊल उचलत. सर म्हणत चहा डावीकडे, मग बाईंचा हात डावीकडे जाई.

त्यांची मुलगी सुकन्या तिकडे बिदरला बँकेत अधिकारी. पंधरा दिवसांपूर्वी ती रेणूकडे आली होती. वडिलांचा आवाज तिने फोनवर भरून पाहिला, शहरात आणखी दोन ठिकाणी त्यांना नेऊन पाहिलं. आवाज इतका बारीक झाला होता, की ऐकताना पंखा यायचा, हॉर्न यायचे, सर यायचेच नाहीत. कुणी म्हणालं रानात न्या; तिथे वारा, आणि धुळीने सरांना खोकल्याची उबळ. "रेणू, तुझी खोली होईल ना तोवर?" सुकन्याने विचारलं होतं, आणि रेणूने छाती ठोकून सांगितलं होतं की होईल. रविवारी दोन वाजता ते तिघं थेट सोलापूरला निघणार होते. सोमवार काही कुणासाठी थांबणार नव्हता.

रेणूने रस्त्याकडच्या भिंतीत वायरीसाठी ठेवलेलं भोक शोधलं आणि त्यात लोखंडी सळी घातली. सळी ठोकळ्यातून पार होऊन पुढे चार बोटं मोकळी जायला हवी होती. ती टक्कन अडली. तिने दोन हात सोडून दुसऱ्या भोकात घातली. तिथेही अडली.

उमाजी गोदामाच्या दारात तंबाखू मळत बसला होता. शेजारी त्याच्या जोडीचा गवंडी गुरप्पा थाप्या धूत होता.

"अप्पा, भिंतीत काय भरलंय?"

उमाजीने मान वर केली नाही. तिने पुन्हा, जोरात विचारलं. तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला, की पोरगी हे कधी विचारते याचीच तो वाट बघत असावा.

"दगडाच्या कपच्या, आन् सिमेंटचा चांगला कडक माल. शाबादी फरशीचे सहा लांब दगड बी घातलोय. जुन्या भिंतीत खोबण्या पाडून बसवलोय. ती भिंत हिला धरतीय, ही तिला. आता हत्ती आला तरी हालायची न्हाई."

"कोण सांगितलं होतं तुमाला भरा म्हणून?"

"आं?"

"कोण सांगितलं होतं?" रेणूचा आवाज चढला. "तीनदा सांगून गेले होते. चार बोटं रिकामं ठेवा. ठेवा म्हणजे ठेवा. मी हितं काय शेळ्या बांधायलेय का?"

गुरप्पाने थापी धुवायची थांबवली आणि उगाच बादलीत बघत राहिला. उमाजीच्या हातातला तंबाखू तसाच राहिला. पोरीने माणसांदेखत असं बोलायची ही पहिलीच वेळ होती.

"पोकळ भिंत मी बांधत न्हाई," तो म्हणाला. "किल्लारीला माणसं मेली ती कामून मेली, ठाव हाय का तुला? जाड जाड भिंती होत्या. आतली येगळी, भायरची येगळी, मधी नुसता भुसा. धरणी हालली आन् एक भिंत आत पडली, एक भायेर. तू दोन वर्साची होतीस. मी तिकडं पंधरा दिस दगडाखालनं माणसं काढलोय. मागनं इंजिनेर लोक आले, आमा गवंड्यास्नी गोळा करून शिकवले, दोन्ही भिंतीस्नी धरणारे दगड घाला म्हणून. तवापासनं एक बी भिंत मी मोकळी सोडलो न्हाई. आन् ह्या खोलीत तर माझी पोरगी बसणार."

रेणू आणखीच चिडली.

"आतल्या खोलीला चारी बाजूनं तिचा सोताचा लोखंडी पट्टा हाय, अप्पा. ती आपल्या पायावर उभी हाय. नकाशात काढून दिले होते."

"कागद हालत न्हाई. जमीन हालती."

"आन् आवाज? सगळा रस्ता आत यायलाय."

"उगं कायबी बोलू नको. मी सोत्ता दार लावून आत बसलोय. गुरप्पाला भायेरनं घण हाणायला लावलो. काय बी आलं न्हाई. विचार त्याला."

गुरप्पा बाहेर घण हाणत होता, त्याला काय विचारणार? रेणू म्हणाली, "भिंत पाडायची. आजच."

उमाजी उठला, धोतर झटकलं, आणि रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बसला. त्याच्या भिंती आळंदपासून मादन हिप्परग्यापर्यंत उभ्या होत्या. बसमधून जाताना शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून तो त्या दाखवायचा. त्यातली एकही आजवर कुणी पाडली नव्हती.

पुढचा तास रेणूने फोनवर घालवला. एक गवंडी म्हणाला, पुढच्या आठवड्यात. दुसरा म्हणाला, फोडायचं मशीन लावतो, तासात मोकळी करतो. मशीनच्या हादऱ्याने बाहेरची जुनी भिंत उकलली असती आणि गोदामाचा मालक बोंबलत आला असता. ती भिंत कुठे कशी धरून ठेवली आहे हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो समोर बशीत चहा ओतून बसला होता, पीत मात्र नव्हता.

रेणू रस्ता ओलांडून गेली.

"अप्पा, एकदा ऐकून बघा. मशीन लावते, तुमी कानानं ऐका. खोली गप हाय असं तुमी म्हणालात, तर भिंतीला हात लावायचा न्हाई. सरास्नी मी न्हाई म्हणून सांगते."

उमाजीने तिच्याकडे बघितलं. पोरगी पैज लावून बसली होती, आणि पैजेला मागे हटणारा तो नव्हता.

तिने बापाला खुर्चीवर बसवून हेडफोन लावले. गुरप्पा उत्सुकतेने मागेच उभा होता, त्यालाही दुसरे दिले. आवाज चालू केला आणि ती समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. पडद्यावरची रेघ लगेच थरथरायला लागली. रस्त्यावर भरलेला डंपर आला. रेघ उसळली. गुरप्पा असा दचकला की त्याने मागे वळून बघितलं.

उमाजी शांत बसला होता. डंपर गेला. त्याने मान डोलावली.

"गप हाय की," तो म्हणाला. "देवळावानी गप हाय."

रेणूला आधी वाटलं, म्हातारा हट्टाने खोटं बोलतो आहे. मग तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तिला कळलं. फोनवर तो नेहमी 'व्हय, व्हय' एवढंच का म्हणतो, ते कळलं. कालपर्यंत प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगावी लागत होती, ते कळलं. चाळीस वर्षं छिन्नीवर हातोडा मारला होता त्याने, दिवसभर, कानापासून हातभर अंतरावर. ती स्वतः जन्मभर आवाजाचं काम करते, आणि घरातल्या माणसाला ऐकू येईनासं झालं ते तिला समजलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. आणि त्याच वेळी, पैज आपण हरलो, हेही तिच्या ध्यानात आलं. सांगावं तर बापाला माणसांदेखत बहिरा म्हणायचं, न सांगावं तर सरांचा आवाज गेला.

उमाजीचं लक्ष मात्र तिच्याकडे नव्हतंच.

"गुरप्पा, तू कामून दचकलास?"

गुरप्पाने रेणूकडे बघितलं, मग जमिनीकडे. "डंपर, अण्णा."

"कवा?"

"आत्ता गेला की. आता बी दुसरी गाडी जायलीय."

उमाजीने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरले. गाडी गेली. पडद्यावरची रेघ वर-खाली झाली. तो रेघेकडे बघत राहिला, गुरप्पाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि हळूहळू त्याचा चेहरा उतरला.

"वाढीव," तो रेणूला म्हणाला.

तिने बटण थोडं फिरवलं. त्याने मान हलवली. आणखी फिरवलं. गुरप्पाने आपले हेडफोन काढून ठेवले. आणखी फिरवल्यावर उमाजीच्या भुवया वर गेल्या. पंक्चरवाल्याचा पंप त्याच्यापर्यंत पोचला होता.

"ह्यो खोलीत हाय?"

"रस्त्यावर हाय, अप्पा. तुमच्या दगडातनं आलाय."

उमाजीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "रेणू, मला लई कमी ऐकू येतंय का?"

"व्हय," रेणू म्हणाली. "लई कमी, अप्पा."

"हं." त्याने मांडीवरचे हेडफोन तिच्या हातात दिले. "मास्तर कवा येणार?"

"आयतवारी. धाला."

"मग उठा की. बसलाय कशाला?"

दिवस मावळेपर्यंत त्यांनी वरचे तीन थर उतरवले. शुक्रवारी सकाळी सातला पुन्हा हात घातला. उमाजी छिन्नीने ठोकळा मोकळा करी, गुरप्पा उतरवी, रेणू फटीतला माल खरवडून घमेल्यात भरी. मागे राहिलेला एक खडासुद्धा आवाजाला पुरतो, हे तिने सांगितलं होतं, आणि या वेळी उमाजीने ते तिच्या तोंडाकडे बघत ऐकलं होतं. कडक माल म्हणजे खरंच कडक होता. दुपारी गुरप्पाच्या हाताची साल गेली आणि तो म्हणाला, "अण्णा, जरा वाईट बांधला असतास तर काय बिघडलं असतं?" उमाजी हसला नाही.

दुपारून सुकन्याचा फोन आला. सरांना ताप होता. आवाज सकाळपासून आणखी बसला होता, दहा शब्दांमागे दोन उमटत होते. "तुझं तयार आहे ना?" तिने विचारलं. रेणूच्या पुढ्यात अर्धी भिंत आणि दगडमातीचा ढीग होता. ती म्हणाली, "या तुम्ही." फोन ठेवून तिने पुन्हा घमेलं उचललं.

शनिवारी दुपारपर्यंत पाच लांब दगड निघाले. सहावा निघेना. तो मधोमध होता, जुन्या भिंतीत खोल गेलेला, आणि त्याच्या डोक्यावर छताची तुळई. ओढून काढला तर तुळईखालचे दगड सुटणार. ठेवला तर बाकीचे पाच काढून उपयोग नाही. सगळा रस्ता त्या एका दगडावरून आत आला असता.

उमाजीने दगडावर हात फिरवला. "मधीच तोडावा लागंल. भिंतीतला भिंतीत ऱ्हाऊ दे, फटीतला तेवढा काढायचा."

"तोडा मग."

"तसं न्हाई." तो पहिल्यांदाच घुटमळला. "शाबादी दगड बोलतो. शाबूत असला की घंटीवानी खणखणतो. आत चीर गेली की बद्द वाजतो. बद्द वाजला की हात थांबवायचा आन् दुसरीकडनं मारायचं. न्हाईतर चीर सरळ जुन्या भिंतीत घुसती." त्याने छिन्नी हातात फिरवली. "पयलं मला कळत हुतं."

म्हणजे गेली काही वर्षं तो अंदाजाने मारत होता, आणि कुणाला बोलला नव्हता. रेणू त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली. तिने कान दगडाजवळ नेला आणि एक हात बापाच्या खांद्यावर ठेवला.

"मारा. बदलला की खांदा दाबते."

गुरप्पा रस्त्यावर जाऊन पंक्चरवाल्याला पंप थांबवायला सांगून आला. उमाजीने पहिला घाव घातला. दगड खणखणला. दुसरा, तिसरा, तोच सूर. प्रत्येक घावाला तुळईवरून बारीक माती तिच्या केसांत पडत होती. अकराव्या घावाला सूर किंचित उतरला, इतका किंचित की आपल्याला भास झाला असं तिला वाटलं, पण तिने खांदा दाबला. उमाजीचा हात हवेतच थांबला. तो दुसऱ्या बाजूला सरकला, छिन्नी खालून लावली. पुन्हा घाव. पुन्हा सूर वर आला, मग उतरला. तिने दाबलं. तो पुन्हा फिरला. असं तासभर चाललं.

शेवटी दगड फुटक्या भांड्यासारखा एकदा वाजला आणि फटीतला तुकडा उमाजीच्या मांडीवर पडला. तिघांनीही वर बघितलं. तुळई जागेवर होती. जुन्या भिंतीत केसाएवढीही चीर नव्हती. उमाजीने तुकडा बाजूला ठेवला, पाणी मागितलं आणि अख्खा तांब्या पिऊन टाकला.

उरलेल्या दिवसात आणि रात्रीत भिंत पुन्हा चढली. या वेळी फट खालपासून वरपर्यंत मोकळी. उमाजीला ते बघवत नव्हतं. तो लोखंडी पट्ट्याला चारही कोपऱ्यांत एक-एकदा लोंबकळून आला आणि मग म्हणाला, "निदान मऊ कायतरी घालू? लोकर?" त्याच्या भावाच्या घरी दोन पोती लोकर पडून होती, हल्ली तिला गिऱ्हाईक नाही. रेणू म्हणाली, "लोकर चालंल. दाबायची न्हाई, नुसती सोडायची." तेव्हा त्याने जरा समाधानाने, गादी भरावी तशी हलक्या हाताने ती फटीत सोडली. गिलावा करायला वेळ नव्हता. नुसत्या सांध्यांत माल भरला आणि वर घोंगड्या टांगल्या.

रविवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना गाडी आली. सर मफलर गुंडाळून होते, निम्मे झालेले. त्यांनी रेणूच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले नाहीत. आवाज राखून ठेवला होता. सुकन्याने आईला हात धरून आणलं. अनसूयाबाई काचेच्या अलीकडे रेणूशेजारी बसल्या, आणि रेणूने त्यांना हेडफोन लावून दिले. उमाजी मागच्या बाकावर बसला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आला होता.

सरांच्या हातात सुकन्याने लिहिलेला कागद होता. काय हवं ते बाईंनी सांगितलं होतं. रेणूला वाटलं होतं, कविता असतील, स्तोत्रं असतील.

"अनू, पायरी आहे," सर माइकजवळ वाकून म्हणाले. "दोन आहेत."

आवाज सुतासारखा होता, पण आला. त्याच्यामागे काहीही नव्हतं. ट्रक नाही, पंप नाही. सरांचा आवाज एकटा, स्वच्छ आला, आणि सुकन्याने तोंडाला पदर लावला.

"चहा डावीकडे ठेवलाय. गरम आहे."

"काही नाही, मांजर होतं."

"दार मी लावलंय. नीज तू."

"मीच आहे."

असं चाळीस ओळी चाललं. कुठे शब्द नुसता वाऱ्यासारखा निघे, मग सर घोटभर पाणी पिऊन तीच ओळ दोनदा, तीनदा म्हणत. शेवटच्या चार ओळींना तर त्यांनी टेबल दोन्ही हातांनी धरलं होतं. ते झालं आणि त्यांनी कागद खाली ठेवला. आता आवाज उरला नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. बारा वाजत आले होते.

"झालं," सुकन्या म्हणाली. "आई, सगळं झालं."

"एक राहिलंय," अनसूयाबाई म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, आता बोलू नका. नुसते बसा."

"म्हणजे?"

"रात्री जाग आली की मी आधी ऐकते, शेजारी आहेत का. नाकातनं बारीक शिट्टीसारखा येतो त्यांचा श्वास. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन झालं की श्वास गळ्याच्या भोकातनं घ्यायचा. मग तो आवाज राहायचा नाही. तेवढा भरून दे मला, बाळ."

हे सुकन्याच्याही मनात आलं नव्हतं.

रेणूने बटण दाबून आत सांगितलं, "सर, आता बोलायचं नाही. डोळे मिटून बसा, रात्री झोपता तसे. पाच मिनिटं."

सरांनी काचेतून बायकोकडे बघितलं. कुणी मागितलं ते त्यांना कळलं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे मिटले. रेणूने आवाज वाढवत नेला. गुरुवारी तिला अख्खा आळंद रस्ता ऐकू आला होता तिथवर नेला, आणि त्याच्याही पुढे नेला. गोदामाच्या झरोक्यातून तिला पोत्यांनी लादलेला ट्रक जाताना दिसला. तिने श्वास रोखला. पडद्यावर ट्रकचा मागमूस नव्हता. बारीक रेघ वर जात होती, थांबत होती, खाली येत होती. अनसूयाबाईंची हनुवटी रेघेबरोबर हलत होती.

उमाजी बाकावरून उठून मागे येऊन उभा राहिला. सरांकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"बोलत तर न्हाईत की," तो म्हणाला. "मग ही रेघ कामून हालायलीय?"

"श्वास हाय, अप्पा."

रेघ वर जाई तेव्हा उमाजीही श्वास घेई, खाली येई तेव्हा सोडी. पाचाची दहा मिनिटं झाली, तरी रेणूने बटण बंद केलं नाही.